चांदणवेढ्यात नसलेलं घर

नाशिक
३ ऑगस्ट १९७५

दादास सप्रेम जय भीम.

तुझं पत्र परवा मिळालं. मायच्या गुडघ्याला तेल पाठवलंय. वणी गाडीच्या कंडक्टरजवळ दिलंय, फाट्यावर उभा राहून मागून घे, नाहीतर तो तसाच पुढं घेऊन जाईल.

आता एक बातमी सांगतो, पण हसायचं नाही. तुझा भाऊ लेखक झाला! खरंच सांगतो. आमच्या छापखान्यात 'हवालदार मल्हारी'ची पुस्तकं निघतात ती तू पाहिलीस, एसटी स्टँडवर दोरीला लटकवलेली असतात. दोन महिन्यांना एक. लिहितात ते नाना. गंगापूर रोडला पेरूच्या बागेपाशी राहतात, पूर्वी कुठं कुठं मास्तर होते. सात वर्षं त्यांचं वाक्य न वाक्य मी शिशाच्या अक्षरखिळ्यांनी जुळवलंय, उलटं. आषाढात लकव्यानं नानांचा उजवा हात गेला. वाचा शाबूत आहे, पण लेखणी धरता येत नाही आणि दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायला त्यांचा जीव होत नाही. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "सावळीराम, ते गाव तुला नानांपेक्षा जास्त पाठ आहे. तूच लिही." मी म्हणालो, "शेठ, गरिबाची चेष्टा कशाला?" तर म्हणाले, "नाव नानांचंच राहील. तू फक्त सहा फर्मे भर." एक फर्मा म्हणजे सोळा पानं, दादा. शहाण्णव पानांत खून, तपास आणि बेडी.

गावाचं नाव चांदणवेढे. ते कुठंच नाही, नानांनी मनानं काढलंय. त्याचा नकाशा आमच्या भिंतीवर आहे, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला. देऊळ, चावडी, शाळा, भिमाजी पाटलांचा वाडा, चिंच आणि एक विहीर. अख्खं गाव त्या एका विहिरीवर पाणी भरतं. शिवाय एक वही आहे, त्यात चांदणवेढ्याचे कायदे. भिमाजी पाटील देवमाणूस. गावातला कुणी कधी गुन्हेगार निघायचा नाही. गुन्हेगार नेहमी बाहेरून येतो आणि मल्हारी त्याला वेशीच्या आत पकडतो. चाळीस पुस्तकं झाली, एक गावकरी बेडीत गेलेला नाही. वाचणाऱ्यांना तेच आवडतं बघ. मला काही नवीन काढायला नको, सगळं मांडून ठेवलेलं आहे. पाहुण्यानं भांडी कुठं असतात एवढं शिकून घ्यायचं, की झाला स्वयंपाक.

आपल्या चिमणीबद्दल लिहिलंस ते तीनदा वाचलं. घागर विहिरीच्या काठावर भरलेली होती आणि डोक्यावरची चुंबळ तिच्यावर ठेवलेली होती, हे तू मला आधी का नाही बोललास? पोलीस म्हणतात पाणी काढताना पाय घसरला. मग घागर भरून बाहेर कशी आली? तुझं बरोबर आहे. वस्तीचा आड आटला, ती आपल्या गावच्या पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर गेली, आणि तिनं विहीर बाटवली म्हणून पाटलाच्या पोरानं, गोटीरामनं, तिला ढकललं. मळ्यात कामाला असलेल्या भागीबाईनं कांद्याच्या चाळीतून ते डोळ्यांनी पाहिलंय. ती कोर्टात सांगायला तयार झाली ही केवढी गोष्ट आहे! तिला जप. तिच्याशिवाय आपल्याकडे ती घागरच आहे फक्त.

एकोणीस वर्षांची होती रे आपली बहीण. मला काही सुचत नाही, म्हणून कामाचंच लिहितो.

तुझा सावळीराम


नाशिक
११ जानेवारी १९७६

दादास जय भीम.

एक्केचाळीसावं पुस्तक निघालं. नाव 'बुडालेली घागर'. शेठ खूश, वाचनालयांनी जास्तीच्या प्रती मागवल्या. कुणालाही कळलं नाही की लिहिणारा बदलला. एका वाचकाचं कार्ड आलंय, म्हणतो, नाना, इतकं जिवंत तुम्ही कधीच लिहिलं नव्हतं. ते कार्ड मी खिशात घेऊन फिरतोय. वेडा म्हण मला.

तुला प्रत पाठवत नाही. तुला असल्या गोष्टी आवडत नाहीत, उगाच डोकं फिरवून घेशील. गोष्ट तशी नेहमीचीच. एक मुलगी, एक विहीर, बाहेरचा एक माणूस. मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नाही. सहा फर्मे भरताना कुठून कुठून काय काय आणावं लागतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

कोर्टाची तारीख एप्रिलची पडली हे बरं झालं. भागीबाईला एसटीनं आणू नकोस, गोटीरामची माणसं फाट्यावर बसलेली असतात. मी येईन तारखेला, शेठना आत्ताच सांगून ठेवलंय.

मायला माझा नमस्कार सांग. ती काही म्हणाली का? म्हणजे सहज विचारतोय.

तुझा सावळीराम


नाशिक
२ एप्रिल १९७६

दादा,

तू परवा छापखान्यात आलास आणि काही न ओरडता गेलास, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं. सगळे जुळारी बघत होते. पुस्तक पानं बांधायच्या दगडावर ठेवलंस आणि म्हणालास, "मायनं विचारलंय, ह्यात आपलं घर कुठं हाय?" तू गेल्यावर दिवसभर माझ्या हातून एक ओळ सरळ जुळली नाही.

पण माझीही बाजू ऐक. मी नाव बदललं होतं. पुस्तकात चिमणी नाही, सोनी आहे. गाव आपलं करंजखोरे नाही, चांदणवेढे आहे. पाटील दुसरा, विहीर दुसरी. भरलेली घागर तेवढी मी घेतली, कबूल. तुझ्या पत्रातली ती ओळ डोक्यातून जाईना. मल्हारी हवालदार काठावरची घागर बघतो, चुंबळ उचलतो आणि म्हणतो, "हिचा पाय घसरला नाही, हिला ढकललंय." ते लिहिताना मी रडलो, दादा. शपथेवर सांगतो. चाळीस पुस्तकांत कुणी खऱ्या माणसासाठी एवढा तपास केला नव्हता.

मग पुढं कोण सापडावं? भिमाजी पाटलाचा मुलगा? वहीत तसं चालत नाही. शेठनी चौथ्या फर्म्यातच पानं परत केली असती. गावातला माणूस गुन्हेगार नसतो. मग बाहेरचा आणावा लागला. वणीच्या जत्रेला चाललेला फोटोवाला आणला, पडदे-बिडदे घेऊन फिरणारा. त्याला ढकलायला कारण पाहिजे, म्हणून सोनीचा त्याच्यावर जीव जडला. घागर भरून ती त्याच्याशी बोलत बसली, तो चल म्हणाला, ती नाही म्हणाली. झालं. एवढंच केलं मी. एक पायरी घेतली की पुढची आपोआप येते.

गावात ते पुस्तक कुणी नेलं आणि मी लिहिलंय हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. स्टँडवर कुणीही विकत घेतं.

तू म्हणालास, गावच्या मास्तरांनी ते शाळेच्या ओट्यावर मोठ्यानं वाचलं. गाव जमलं होतं. गोटीरामसुद्धा होता. माय पुढ्यात बसून होती आणि शेवटचं पान होईपर्यंत उठली नाही. आणि आता सगळे म्हणतायत, बघा, हिच्या भावालाच ठाऊक होतं, फोटोवाल्याचं लफडं होतं. चिमणीच्या पेटीत वणीच्या जत्रेतला फोटो सापडला म्हणून त्यांना आणखी जोर चढला. अरे, जत्रेत शेकड्यांनी फोटो निघतात. गेली असेल कुणा बायांबरोबर. मला काय ठाऊक?

तारखेला मी येतो. येऊ ना?

सावळीराम


नाशिक
१९ सप्टेंबर १९७६

दादा,

मालेगावचा पत्ता मला आडून आडून मिळाला. तू लूमवर लागलास आणि मायला घेऊन तिथं राहिलास असं कळलं. बरं केलंस. करंजखोऱ्यात राहायला काय ठेवलं होतं आता?

भागीबाई कोर्टात जे बोलली ते मी मागच्या बाकावरून ऐकलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. "साहेब, मला अंधुक दिसतं. तिचा सख्खा भाऊच म्हणतोय बाहेरचा होता, मंग मी गावाशी वैर कशाला घेऊ?" गोटीरामचा वकील हसला. साहेबांनी ते पुस्तक पुरावा म्हणून धरलं नाही हे खरं, पण धरायची गरजच राहिली नव्हती. गोटीराम सुटला. बाहेर पेढे वाटले त्यांनी. एक माझ्यासमोरही धरला कुणीतरी, "घ्या, लेखक."

त्या संध्याकाळी मी नानांकडे गेलो. खाटेवर पडून होते, डाव्या हातानं माशा हाकलत. नमस्कारसुद्धा केला नाही मी. सरळ विचारलं, "नाना, चांदणवेढ्यात आमची वस्ती कुठं आहे?"

म्हणाले, "नाही."

"का नाही?"

"वस्ती काढली असती तर दुसरी विहीर काढावी लागली असती. आणि दुसरी विहीर काढली की ते चांदणवेढे राहत नाही."

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ वर्षं खेड्यात मास्तर होतो, सावळीराम. तुमची पोरं वर्गाबाहेर बसलेली पाहिली आणि तोंड उघडलं नाही. रिटायर झाल्यावर मला जिथं झोप लागेल असं गाव काढलं. माझ्यासाठी काढलं. तुला कुणी सांगितलं होतं तिथं राहायला ये म्हणून?"

मला इतका संताप आला, की त्यांचा लुळा हात धरून ओढावासा वाटला. म्हणालो, "शेठनी सांगितलं."

"शेठनी सहा फर्मे सांगितले होते. बहीण तू आणलीस. माझ्या गावात ती मरूच शकत नव्हती. तिथं एकच विहीर आहे, पाण्यावरून कुणी कुणाला मारत नाही. तू तिला ओढून आणलीस, आणि मग तिला मारायला तुला खोटं कारण शोधावं लागलं." मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "तुझं गाव तू काढ. अवघड असतं. कुणी छापत नाही. पण काढ."

बाहेर येऊन पेरूच्या कुंपणाला धरून उभा राहिलो. म्हाताऱ्याचं एक अक्षर खोटं नव्हतं आणि त्याचाच राग आला.

तरीही मी चव्वेचाळीसावं लिहिलंय, दादा. पंचेचाळीसावं चालू आहे. तुला हेही कळलेलं बरं.

सावळीराम


नाशिक
५ ऑगस्ट १९७९

दादा,

तीन वर्षांत सात पत्रं टाकली. परत एकही आलं नाही, म्हणजे तू ती घेतोस एवढं नक्की. वाचतोस का ते विचारत नाही.

नाना गेले, गेल्या महिन्यात. मल्हारीचं बासष्टावं चालू आहे.

मी आपलं गाव लिहायला बसलो होतो. तीनदा. काय होतं सांगू? पाटील पानावर आला की माझ्या हातून त्याच्या तोंडात गोड शब्द पडतात. गोटीराम विहिरीवर येतो आणि बाहेरच्या कुणाचीतरी वाट बघत उभा राहतो. सवय लागली हाताला. आणि दुसरं म्हणजे, मला करंजखोऱ्याचं काही आठवत नाही. चांदणवेढ्यात चावडीपासून चिंचेपर्यंत किती पावलं ते मला झोपेतून उठवून विचार. पण आपल्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं? उगवतीला की ओढ्याकडं? आठवेना. एखाद्याला आपल्या आईचा चेहरा आठवू नये, तशी लाज वाटली. लोक म्हणतात नवीन जग काढायला डोकं लागतं. मला तर जुनंच काढता येत नाहीये.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. ते पुस्तक गावात मीच पाठवलं. तेलाच्या बाटलीबरोबर, त्याच कंडक्टरजवळ. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'मायला. हे मी लिहिलं. सावळीराम.' तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. वाटलं, नुसतं हातात धरेल, शेजारणीला दाखवेल, सावळ्याचं पुस्तक म्हणेल. ती ते वाचून घ्यायला शाळेत घेऊन जाईल असं डोक्यातच आलं नाही. म्हणजे मास्तरांना ते पुस्तक मायनंच दिलं, कौतुकानं. तुला हे आधीच माहीत असणार. तू मला तोंडावर कधी बोलला नाहीस आणि मी तीन वर्षं स्टँड-स्टँड करत राहिलो.

सावळीराम


नाशिक
२८ ऑक्टोबर १९८३

दादा,

तुझं कार्ड ऑगस्टच्या वीस तारखेला मिळालं. सात वर्षांतलं पहिलं. दोन ओळी. 'माय खाटेवर आहे. सारखं विचारते, चिमणीला वणीला कोण घेऊन गेलं होतं. तुला काही माहीत हाय का.'

दोन महिने ते कार्ड खिशात आहे. रोज उत्तर लिहायला घेतो आणि रोज मल्हारीची पानं पुढं ओढतो. भित्रा आहे मी. आज लिहून टाकतो, फाडणार नाही.

मी घेऊन गेलो होतो.

चैत्रातली जत्रा, ती जायच्या आधीचा महिना. मी दोन दिवस गावी आलो होतो. तू वस्तीत सगळ्यांना सांगितलं होतंस, आता जत्रा-देव बंद, कुणी जायचं नाही. ती म्हणाली, "सावळ्या, देवाला नाय जायचं रे. नुस्ती जत्रा बघू. दादाला नको सांगू." तू तालुक्याला गेला होतास आणि माय कामावर होती. आम्ही सकाळी गेलो आणि दिवस मावळायच्या आत परत आलो. गड चढलो नाही, खालीच फिरलो. तिनं शेव खाल्ली, पाळण्यात बसली आणि उतरल्यावर ओकली. मग फोटोवाला दिसला. मोटार रंगवलेला पडदा होता त्याच्याकडं. मी शेजारी उभा राहिलो तर मला ढकलून म्हणाली, "तू बाजूला हो, मला एकटीचा पायजे." मी फोटोवाल्याच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि तिला हसवायला तोंड वाकडं केलं. फोटोत ती हसतेय ती माझ्याकडं बघून हसतेय.

आणि मी त्या फोटोवाल्याला सहा फर्म्यांत नेऊन बसवलं. डोळ्यांसमोर दुसरा बाहेरचा माणूसच आला नाही. गावानं फोटो बघितला आणि म्हणालं, पटलं. मी एक शब्द बोललो असतो, की जत्रेला मी नेलं होतं, तर ते सगळं तिथल्या तिथं खोटं पडलं असतं. कदाचित भागीबाईही फिरली नसती. कोर्टात मागच्या बाकावर बसून मी तोंड उघडलं नाही. पुस्तकाबद्दल तू माझ्यावर आधीच चिडलेला होतास. वर हे सांगायचं म्हणजे... जाऊ दे. कारण शोधायची सवयच आहे माझी.

तू सुद्धा मनात म्हणत असशील का रे, असेल बाबा कुणीतरी? मायला तसं वाटतं का? सात वर्षं ती हेच घोकत पडली आहे का? मायला वाचून दाखव हे पत्र. आजच्या आज. तिची पोर चांगली होती. कुणी नव्हतं. मी होतो.

शहाऐंशीवर मल्हारी बंद केला. शेठना सांगितलं, दुसरा बघा.

सावळ्या


नाशिक
१९ नोव्हेंबर १९८३

दादा,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'माय गेली. जलदानविधीच्या दिवशी तुझं पत्र आलं.'

मला कळवलं नाहीस ते बरोबरच केलंस. दोन महिने कार्ड खिशात घालून मी फिरलो. ऑगस्टात लिहिलं असतं तर ती ऐकून गेली असती.

सावळ्या


नाशिक
६ एप्रिल १९८६

दादास जय भीम.

छापखाना बंद होतोय. शेठच्या पोरानं नवीन मशीन आणलंय, त्याला खिळे लागत नाहीत. सोमवारी टेम्पो येणार आणि खिळ्यांच्या सगळ्या केसी शिसं म्हणून वितळवायला जाणार. अठरा वर्षं बोटांत धरलेली अक्षरं आहेत ती. असो.

अडीच वर्षांत मी एक गोष्ट लिहिली. मनानं काढलेली नाही, आहे तीच. त्यासाठी करंजखोऱ्याला चारदा जाऊन आलो. आपल्या भिंती पडल्यात, जोतं आहे. दार ओढ्याकडं होतं, दादा. उंबरा अजून जागेवर आहे. तिथून पाटलाच्या विहिरीपर्यंत चालत गेलो, सातशे बारा पावलं भरली. गोटीराम सरपंच आहे, मोटरसायकल थांबवून म्हणाला, "काय लेखक, परत बाहेरचा शोधायला आलास का?" मी पावलं मोजणं चुकवलं नाही. भागीबाई भेटली. दार लावून घेतलं तिनं, पण आतून बराच वेळ रडण्याचा आवाज आला. मी कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढलाय. त्यात विहिरी दोन आहेत.

तीन प्रकाशकांनी परत केली. तिसरा जुना वाचक निघाला, म्हणाला, हीच गोष्ट चांदणवेढ्यात बसवा, उद्या छापतो. तिथून उठून आलो.

शेवटी स्वतःच जुळवायला बसलो, काम सुटल्यावर. टेम्पो यायच्या आत एक फर्मा झाला, सोळा पानं. कागद शेठनी न विचारता दिला. बाकीचं हातानं लिहिलेलं माझ्याकडे आहे, पण तेही अर्धवटच आहे. पहिली ओळ आपल्या घराची आहे. मायनं विचारलं होतं ना. नवव्या पानावर मी चिमणीला वणीला नेतो आणि तिथं माझं नाव सावळीरामच आहे. तुझं वाल्मीक आहे, तिचं चिमणी. कुणाचंच बदललं नाही.

येत्या बुद्धपौर्णिमेला सकाळी मी शाळेच्या त्याच ओट्यावर ही पानं मोठ्यानं वाचणार आहे. कुणी ऐकायला थांबेल की दगड मारेल, माहीत नाही. मास्तरांना कळवलंय, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. गोटीरामलाही कळलंच असेल. तू यावंस असं मला वाटतं. माफी मागायला बोलवत नाही. त्या दिवशी तू तिला बाहेर काढलंस. तिच्या अंगावर काय होतं, हात कसे होते, घागरीतलं पाणी कुणी ओतलं, हे फक्त तुला माहीत आहे आणि मी ते मनानं लिहिणार नाही. पुन्हा नाही. तू आलास तर माझं संपलं की तू सांग. नाही आलास तर मी जेवढं छापलंय तेवढं वाचेन आणि तिथंच उभा राहीन.

पानं सोबत पाठवतोय. सोळाव्या पानाच्या तळाला चिमणी रिकामी घागर उचलते, चुंबळ डोक्यावर ठेवते, मायला "आले गं" म्हणते आणि उंबरा ओलांडते. त्याच्या पुढं मी नव्हतो.

तुझा सावळ्या